जीर्णोद्धार, पुनर्विकास आणि शाकारणी : खोताच्या वाडीतल्या घरांची समीक्षा

(गिरगावात झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



आपल्याकडे पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर रोजच होते. घराची मात्र होत नाही. घराबद्दल आपण आठवणी लिहितो. आठवण सांगणारा म्हणतो, "आमचं घर असं होतं." तिथे त्याचं काम संपतं. समीक्षकाला पुढे जाऊन विचारावं लागतं, की हे घर असंच का होतं, त्यात कुणी काय बदललं, आणि तो बदल बरा की वाईट. आज मला हे दुसरं काम करायचंय. त्यासाठी मी आपल्या अगदी शेजारची खोताची वाडी निवडली आहे. तुमच्यापैकी बरेच जण तिथून रोज येत-जात असतील, त्यामुळे मी काही चुकीचं बोललो तर पकडणं सोपं जाईल.

आधी जमीन बघू. गिरगावातली नावं नुसती मोठ्याने म्हणून पाहा. केळेवाडी, आंबेवाडी, फणसवाडी, मुगभाट, बोरभाट. ही रस्त्यांची नावं वाटतात, पण हा सगळा शेतीचा हिशोब आहे. वाडी म्हणजे बागायत. भाट म्हणजेही लागवडीची जमीन. कोकणी बोलणारी माणसं माडांच्या बागेला आजही भाट म्हणतात. शहर नंतर आलं आणि बागांच्या मधल्या पायवाटांच्या गल्ल्या झाल्या. खोताची वाडी यातलीच एक. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. इथलं खोत घराणं पाठारे प्रभू. त्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे इथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि त्यावर घरं उभी राहिली. या समाजाने पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. गोव्याहून, मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण इथले मूळचे, हे सांगण्यासाठी ते नाव होतं. म्हणजे नाव इंग्रजी आणि माणसं मुंबईतली सगळ्यात जुनी, अशी ती गंमत आहे.

एकेकाळी वाडीत अशी पासष्टेक घरं होती असं सांगितलं जातं. आज त्याच्या निम्मीही राहिलेली नाहीत. तेव्हा आजची समीक्षा ही मेलेल्या लेखकाच्या पुस्तकाची नाही. पुस्तक अजून वाचलं जातंय आणि त्याची पानं फाटत चालली आहेत.

आता घर. साधारण तळमजला आणि वर एक मजला. लाकडाचा सांगाडा, वर उतरतं कौलारू छप्पर, छपराच्या कडेला कातरकाम केलेली लाकडी झालर. पुढे गल्लीला लागून ओटा किंवा उघडा व्हरांडा, त्याला लाकडी कठडा. आत बसायची खोली, त्यामागे झोपायची, मागे स्वयंपाकघर आणि थोडं परसू. आणि एक गोष्ट, जिच्याकडे मला तुमचं खास लक्ष वेधायचंय: वर जाणारा जिना बऱ्याच घरांना बाहेरून आहे.

जिना बाहेर का? फोटो काढणाऱ्याला तो सुंदर दिसतो म्हणून तर नक्कीच नाही. जिना आत घेतला की तो तळमजल्यावरची एक अख्खी खोली खातो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेरच्या जिन्यामुळे वरच्या मजल्याला स्वतःचं दार मिळतं. मुलाचं लग्न झालं, वर संसार थाटला. मुलगा आखातात गेला, वरचा मजला भाड्याने दिला. सासू खाली, सून वर, चुली दोन, छप्पर एक. मुद्दाम असो की नकळत असो, या घराच्या रचनेतच विभागणी गृहीत धरलेली आहे. माझ्या मते वाडीच्या वास्तुकलेतली ही सगळ्यात हुशार गोष्ट आहे. झालर सुंदर आहे, पण जिना बुद्धिमान आहे.

आता पहिली तक्रार. या घरांना सगळीकडे 'पोर्तुगीज बंगले' म्हणतात. पर्यटनाच्या पत्रकात तेच, वर्तमानपत्रात तेच. मुंबई बेट पोर्तुगिजांनी इंग्रजांना दिलं १६६१ च्या लग्नाच्या तहात, आणि प्रत्यक्ष ताबा गेला १६६५ मध्ये. आज वाडीत उभी असलेली घरं मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली. म्हणजे पोर्तुगीज जाऊन दोन शतकं लोटल्यावरची. घराचा तोंडवळा वसई-गोव्याकडचा आहे, हे मान्य. पण त्यावरचं मंगलोरी कौल बघा. बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्याआधी आपल्याकडे हाताने थापलेली नळीची कौलं होती. तेव्हा ज्या कौलांकडे बघून आपण "अहाहा, मूळचं घर" म्हणतो, ती कौलं त्या काळातला कारखान्याचा माल होती. कुणीतरी जुनी नळीची कौलं उतरवून ही नवी चापट कौलं चढवली असतील, तेव्हा शेजारचा म्हातारा नक्की म्हणाला असेल, "पूर्वीची शोभा राहिली नाही."

सांगायचं हे, की 'मूळ घर' नावाची वस्तू शोधायला गेलो तर ती सापडत नाही. सापडतात ते बदलांचे थर. मग प्रश्न असा उरतो, की बदल कसा ओळखायचा, बरा कुठला आणि वाईट कुठला?

इथे थोडा वेळ आपण इंग्लंडला जाऊ. उगाच नाही. घरांच्या बदलांवरचा जगातला एक महत्त्वाचा वाद तिथे झाला, आणि त्या वादाच्या केंद्राशी जो माणूस होता तो एका शेतकऱ्याच्याच घरात राहत होता.

ऑक्सफर्डशायरमध्ये थेम्स नदीच्या वरच्या अंगाला केल्मस्कॉट नावाचं गाव आहे. तिथे १६०० च्या सुमारास बांधलेलं एक दगडी घर आहे. सधन शेतकऱ्याचं घर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला एक नवा भाग जोडला. छपरावर दगडाच्या पातळ फरश्या, खाली वळचणीला मोठ्या आणि वर जाताना लहान होत जाणाऱ्या. १८७१ मध्ये विल्यम मॉरिस या कवी, कारागीर, समाजवादी माणसाने ते घर भाड्याने घेतलं. विकत नाही, भाड्याने! आणि १८९६ मध्ये मरेपर्यंत ते सोडलं नाही. आता ते लंडनच्या पुरातत्त्वप्रेमी मंडळींच्या जुन्या संस्थेच्या, सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजच्या ताब्यात आहे.

मॉरिसच्या काळात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चांचा 'जीर्णोद्धार' जोरात चालला होता. वास्तुविशारद यायचे, ठरवायचे की हे चर्च मूळचं तेराव्या शतकातलं, आणि मग पंधराव्या, सतराव्या शतकात जे जे जोडलं गेलं ते खरवडून काढायचे. त्याजागी तेराव्या शतकात असेल असं त्यांना वाटेल ते नवं करून बसवायचे. मॉरिस चिडला. १८७७ मध्ये त्याने जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी एक संस्था काढली, तिचं टोपणनावच 'खरवडविरोधी' पडलं. त्याचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक पिढीने घरात जे घातलं तो त्या घराचा इतिहास आहे, तो पुसायचा तुम्हाला हक्क नाही. घर पडू नये म्हणून रोजची काळजी घ्या, गळती थांबवा, टेकू द्या, पण जुन्याची नक्कल करून फसवू नका.

इंग्लिश शेतघरांची गोष्टही बदलांचीच आहे. मध्ययुगात मधोमध एक उंच मोकळी खोली असायची, जमिनीवर चूल, धूर वर छपरातून जायचा. पुढे लोकांनी धुरांडं बांधलं, मग त्या उंच खोलीत मध्ये तक्तपोशी घालून माडी काढली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ मध्ये लिहिलं, की साधारण १५७० ते १६४० या काळात इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत घरांची अशी मोठी फेरबांधणी झाली. नंतरच्या संशोधकांनी त्याच्या तारखांवर वाद घातला, पण तुळयांवरची काजळी आजही साक्ष देते. माडीवरच्या झोपायच्या खोलीत वर बघावं तर वासे काळे. म्हणजे इथे कधीकाळी खालच्या चुलीचा धूर येत होता. ती काजळी पुसायची नाही, आणि माडीही काढायची नाही. दोन्ही खरं आहे.

आता आपल्याकडे या. मराठीत या कामासाठी तीन शब्द आहेत, आणि माझं आजचं सगळं म्हणणं या तीन शब्दांत आहे.

पहिला शब्द, जीर्णोद्धार. हा देवळाकडून आलेला शब्द. यात पुण्य आहे, देणगीदारांचा संगमरवरी फलक आहे. आणि बहुतेक वेळा यात काळ्या दगडाला ऑइलपेंट आहे, सभामंडपाला स्नानगृहातल्या टाइल्स आहेत. श्रद्धेवर मी काही बोलत नाही, पण वास्तूच्या बाजूने बघितलं तर आपल्या देवळांचं जितकं नुकसान पावसाने केलं नसेल तितकं जीर्णोद्धाराने केलंय.

दुसरा शब्द, पुनर्विकास. हा नवा शब्द. गिरगाव, लालबाग, परळमध्ये आज दुसरा कुठला शब्द ऐकूच येत नाही. यात घर जातं आणि चौरस फूट येतात.

तिसरा शब्द आपण विसरत चाललोय. शाकारणी. कोकणात मे महिना आला की घर शाकारायचं. माणूस छपरावर चढायचा, कौलं उतरवायचा, फुटकी बाजूला काढायचा, कुजलेली रीप बदलायचा, पुन्हा कौलं लावायचा. पन्हळ साफ करायची. दरवर्षी. घर तेच, पण दहा वर्षांनी बघितलं तर निम्मी कौलं नवी. कुणी त्याचा फलक लावत नाही. मॉरिसने १८७७ मध्ये जे जाहीरनामा काढून सांगितलं, ते आपला शाकारणारा गडी दर मे महिन्यात करत होता.

तर माझी कसोटी ही आहे: घरातला बदल शाकारणीच्या जातीचा आहे का? त्याचे मी तीन प्रश्न करतो. एक, या बदलाने घराचं गल्लीशी असलेलं बोलणं बंद झालं का? दोन, उद्या नको वाटला तर हा बदल घराला न दुखवता काढता येईल का? तीन, या बदलामुळे घरात माणूस राहू शकतो का?

हे प्रश्न लावून वाडीत फिरूया.

सुरुवात संडासापासून करतो. हसू नका. जुन्या मुंबईच्या घरांत संडास मागे असायचा, आणि मागच्या हाऊस गल्लीतून सफाई कामगार येऊन मैला डोक्यावर वाहून न्यायचा. त्या मागच्या गल्लीत एका जातीच्या माणसांचं आयुष्य गेलं, हे 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी विसरू नये. पुढे लोकांनी मागची गॅलरी बंद केली, नळ आणले, फ्लशचा संडास काढला. बाहेरून ती भिंत ओबडधोबड दिसते, पाइप दिसतात. पण माझ्या समीक्षेत हा वाडीतला सगळ्यात चांगला बदल आहे. तिसऱ्या प्रश्नाला तो पूर्ण उतरतो. वारशाच्या नावाखाली कुणी त्यावर नाक मुरडत असेल, तर त्याला घर नको आहे, चित्र हवंय.

आता दुसरं टोक. ओट्याला जाळी लावून तो खोलीत घेणं. माणसं वाढली, खोली हवी, कारण समजतं. ग्रिल काढताही येतं, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला ते पास होतं. पण पहिल्या प्रश्नाला नापास. ओटा ही या घराची जीभ आहे. तिथे बसून भाजी निवडली जायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारली जायची, मुलांवर नजर असायची. ओटा बंद झाला की गल्ली फक्त जाण्यायेण्यापुरती उरते. आणि इथे मला वारसा-फेरी काढणाऱ्या मित्रांनाही एक सांगायचंय. दर रविवारी वीस जणांचा घोळका येऊन तुमच्या ओट्याचे फोटो काढायला लागला, तर तुम्हीसुद्धा जाळी लावाल, पडदा टाकाल. बघणाऱ्यांच्या कौतुकानेही ओटे बंद होतात.

तिसरा बदल दिसायला निरुपद्रवी आहे, सिमेंटचा गिलावा. जुनी भिंत चुन्याची. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, श्वास घेते म्हणा. तिच्यावर सिमेंटचा थर चढवला की आत गेलेली ओल बाहेर यायला वाट राहत नाही. ती लाकडाकडे वळते. खांबाचा पाय आतून कुजतो, वाळवी लागते. बाहेरून भिंत गुळगुळीत, नवीकोरी. मग एका पावसाळ्यात मजला खचतो, आणि सगळे म्हणतात, "घर जुनंच झालं होतं." घर जुनं झालेलं नसतं, चुकीचं दुरुस्त झालेलं असतं. हा बदल दुसऱ्या प्रश्नाला नापास, कारण सिमेंट खरवडून काढायला गेलं की खालची भिंतही निघते. यात घरमालकाचा दोष मी देणार नाही. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. सिमेंटची गोणी नाक्यावर मिळते.

लाकडी खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती खिडकी? माझं मत मवाळ आहे. दिसायला वाईट, पण काढता येते. जाऊ द्या. बाहेरचा जिना पाडून आत घेणं? हा मात्र मोठा गुन्हा, कारण त्यानं घराची विभागणीची ताकद जाते. पुढच्या पिढीला वरचा मजला वेगळा करता येत नाही. मग वाटणीला एकच मार्ग उरतो, घर विकणं.

एका घराचं पाहुण्यांसाठी राहण्याचं ठिकाण झालं, दुसऱ्यात कुणी कपड्यांचा स्टुडिओ काढला, अशा बदलांवर काही जण नाराज असतात. मी नाही. वापर बदलला म्हणून घर मरत नाही. याचा पुरावा हवा तर परळला जा. आजची हाफकिन संस्था ज्या इमारतीत आहे ती मूळची जेझुइट पाद्र्यांची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती ताब्यात घेतली. पुढे विल्यम हॉर्नबी या गव्हर्नरने १७७१ पासून तिथे मुक्काम केला आणि ते गव्हर्नरांचं घर झालं. पाद्र्यांच्या प्रार्थनामंदिरात मेजवान्या आणि नाच होऊ लागले. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे पटकीने वारल्या, त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार पॉइंट गाठलं. १८९९ मध्ये तिथे डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. देऊळ, महाल, दवाखान्याचं मूळघर. तीन जन्म, एक वास्तू. ती टिकली कारण प्रत्येक वेळी तिला काम मिळालं. आणि हेही लक्षात घ्या, की तिच्यामागे सरकार होतं. खोताच्या वाडीतल्या घरामागे कोण आहे?

याच्या उलट उदाहरण लोअर परळला. फिनिक्स मिलची चिमणी मॉलमध्ये अजून उभी आहे. गिरणी गेली, कामगार गेले, भोंगा गेला. चिमणी राहिली. तीन प्रश्न लावून बघा. ती चिमणी कुणाशी बोलते? तिच्यामुळे कोण राहू शकलं? वास्तूचं एक चिन्ह ठेवायचं आणि अर्थ काढून टाकायचा, या पद्धतीला मी संवर्धन म्हणणार नाही. उद्या वाडीत उंच इमारत होऊन तिच्या प्रवेशद्वाराशी दोन लाकडी कठडे आणि चार मंगलोरी कौलं लावली, तर तीही चिमणीच.

आता पैशाचं बोलायला हवं, नाहीतर हे सगळं बोलणं हवेत राहील.

एक योगायोग बघा. १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये नगरनियोजनाचा कायदा झाला आणि ऐतिहासिक इमारतींची यादी करून त्यांना संरक्षण देण्याच्या पद्धतीला पक्कं रूप आलं. त्याच १९४७ मध्ये मुंबईत भाडे नियंत्रणाचा कायदा झाला. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. तिकडच्या कायद्याने भिंतीकडे पाहिलं, आपल्या कायद्याने भिंतीआडच्या माणसाकडे. युद्धानंतर, फाळणीनंतर शहरात माणसं लोटत होती. त्यांना घरमालकाच्या मनमानीपासून वाचवणं गरजेचंच होतं. या कायद्याने गिरगाव-लालबागचा मध्यमवर्ग आणि कामगारवर्ग जगवला. पण त्या भाड्यात कौलं बदलत नाहीत. पुढे १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, उपकर आला, आणि जुन्या इमारतींखाली टेकू आले. १९९९ च्या कायद्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण मुळात रक्कमच इतकी लहान, की चार टक्क्यांनी पन्हळसुद्धा येत नाही.

१९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली लागू झाली, वारसा समिती बसली. खोताची वाडी वारसा परिसर म्हणून नोंदली गेली. हे मोठं काम होतं, आणि ते झालं नसतं तर आज मी बोलायला वाडीच नसती. तरीही समीक्षक म्हणून मला त्या विचारात एक उणीव दिसते. परिसराचा विचार करताना आपली नजर उंचीवर आणि दर्शनी भागावर राहते. ओटा, बाहेरचा जिना, मागचं परसू यांची नावं घेऊन त्यांचं मोजमाप कुणी ठेवत नाही. नियम घरमालकाला काय करू नको ते सांगतो, पण चुन्याचा गवंडी आणि सुताराची मजुरी देत नाही. दुसरीकडे त्याच्या कौलांवर जे मोकळं आकाश आहे, त्याचा बाजारभाव शेजारचा टॉवर त्याला रोज सांगत असतो. मुंबईत घरापेक्षा घरावरचं आकाश महाग आहे. अशा वेळी घर टिकवणाऱ्या कुटुंबाला आपण नुसती शाबासकी देतो. तेवढ्यावर घर उभं राहत नाही.

माझ्या मागण्या छोट्या आहेत. वाडीतल्या उरलेल्या प्रत्येक घराची मोजमापं घेऊन नकाशे काढावेत. वास्तुकला महाविद्यालयांची मुलं हे काम आनंदाने करतील. परिसराच्या नियमांत ओटा आणि जिना ही दोन नावं स्पष्ट यावीत. आणि मोठ्या जीर्णोद्धाराच्या निधीऐवजी दर मे महिन्याला शाकारणीपुरता निधी असावा. कौलं, पन्हळ, रिपा, चुना. रक्कम लहान, पण दरवर्षी. एकदम पन्नास लाख देऊन घर चकचकीत करण्यापेक्षा दरवर्षी गळती थांबवणं हे घराच्या जास्त भल्याचं आहे.

इथे थांबतो. 

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : घरमालकाला टॉवरमध्ये मोठा फ्लॅट आणि वर पैसे मिळत असतील, तर त्याने घर राखावं असं सांगणारे आपण कोण?

उत्तर : प्रश्न बरोबर आहे. आपण कुणीच नाही. ज्याच्या घरात पाणी गळतं त्याला सौंदर्यशास्त्र शिकवायला मी जाणार नाही. पण एक फरक करा. त्याला घर विकायचंच आहे की दुसरा मार्गच ठेवलेला नाही? आज बहुतेकांपुढे दोनच पर्याय असतात, गळकं घर किंवा बिल्डर. तिसरा पर्याय, म्हणजे परवडणारी दुरुस्ती, खरोखर समोर असताना कुणी विकलं, तर तो त्याचा निर्णय, आणि मी तक्रार करणार नाही. तो पर्याय उभा करणं हे आपलं, शहराचं काम आहे.

प्रश्न : मग हीच कसोटी बीडीडी चाळींना लावाल का? तिथे तर सगळंच पाडतायत.

उत्तर : लावतो, आणि उत्तर वेगळं येतं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली एकशे साठ चौरस फुटांची, संडास सामायिक. शंभर वर्षं माणसांनी तिथे संसार केले, चळवळी केल्या. पण माझा तिसरा प्रश्न तिथे सगळ्यात मोठ्याने विचारावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या पाचशे छप्पन्न कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या माणसांना "चाळ किती छान होती" असं सांगायची माझी हिंमत नाही, इच्छाही नाही. समीक्षक म्हणून मी फक्त नव्या इमारतीला पहिला प्रश्न विचारीन. चाळीच्या गॅलरीत दार उघडं ठेवून माणूस बसत होता, शेजारच्या आजारपणाची खबर न विचारता कळत होती. तेविसाव्या मजल्यावर लिफ्टसमोरच्या बंद पॅसेजमध्ये ते कुठे होणार? पाडायचं असेल तर पाडा, पण जे बांधता त्यात ओट्याची जागा ठेवा. ती नकाशात दाखवायला लागते. ती विकता येत नाही म्हणून तर ती सगळ्यात आधी गळते.